गुवाहाटी ते तवांग टॅक्सी: चार तारे, पाचवा बुमलापायी कापला

गाडी ठीकठाक. मागच्या सीटचा एसी नुसता वारा घालत होता, पण तवांगला जाणाऱ्याला एसी हवाय कशाला? या एजन्सीचे पैसे वसूल झाले ते कागदपत्रांत. अरुणाचलात शिरायला इनर लाइन परमिट लागतं. मूळ कायदा १८७३ चा, इंग्रजांचा. आमचे आधार आणि फोटो व्हॉट्सॲपवर मागवून त्यांनी ते आधीच काढून ठेवलं होतं. भालुकपोंगच्या गेटवर आसाम संपतो. पुढच्या गाडीतली मंडळी मोबाइल हलवत नेटवर्क शोधत होती; आमच्या ड्रायव्हरने डॅशबोर्डमधून झेरॉक्सचा गठ्ठा काढला, शिपायाने नावं ताडली आणि दांडा वर! महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसाला याचं कौतुक वाटणारच.

ड्रायव्हर वाटेतल्या दिरांगचा, तिथल्या मोनपा जमातीचा, हिंदी माझ्याहून साफ. मी खोदून विचारत गेलो, तो सांगत गेला. तिकडे कलेक्टरला डीसी म्हणतात, खाली सर्कल ऑफिसर, आणि गावात लाल कोटातला गावबुढा, ज्याच्या शब्दावर निम्मे तंटे तिथल्या तिथे मिटतात. १९६५ पर्यंत डीसीच्या जागी पोलिटिकल ऑफिसर असायचा आणि अख्खा नेफा, म्हणजे तेव्हाचा अरुणाचल, परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत होता. आपल्या गावची फाइल परराष्ट्र खात्यात, कल्पना करा!

बोमडिला हे पश्चिम कामेंगचं मुख्यालय. तवांग त्यातूनच १९८४ मध्ये वेगळा जिल्हा झाला, आणि दोघांची हद्द सेला खिंडीवर, १३,७०० फुटांवर. ड्रायव्हरला आधीच बजावून ठेवा, खिंडीवरूनच न्यायचं. २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून गाड्या सरळ त्यात घालतात. बर्फाच्या दिवसांत ते बरंच, पण एरवी वरचं तळं आणि तवांगची कमान दोन्ही हुकतात. आमच्या गड्याने कुरकुर न करता वर नेलं, सौ.ला धाप लागल्याबरोबर गाडी खाली उतरवली आणि जंग गावी थांबून गरम थुक्पा (नूडल्सचं सूप) खाऊ घातला.

आता कापलेला तारा. कोटेशनमध्ये ‘तवांग व बुमला’ असं ठळक छापलेलं; बुमला म्हणजे तवांगपुढची चीन सीमेवरची खिंड. प्रत्यक्षात बुमलाला बाहेरची गाडी चालत नाही, तवांगचीच टॅक्सी करावी लागते. शिवाय डीसी ऑफिसची परवानगी वेगळी. हे आम्हाला आदल्या संध्याकाळी हॉटेलात कळलं. मालकाला फोन लावला तर म्हणतो, “सर, परमिट इन्क्लुडेड है, गाडी नहीं.” असली कलमं मी टेंडरांत पुष्कळ पाहिलीत. भाडं अर्थातच आमच्या खिशातून गेलं.

तेव्हा ‘बुमलाची स्थानिक गाडी धरून’ एवढे शब्द कोटेशनवर लिहून घ्या आणि ड्रायव्हर दिरांगकडचा मागा. जाताना दिरांगला एक मुक्काम ठेवा. एका दिवसात तवांग गाठून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.