साधं थाय हॉटेल, पॅड थाय सोडून बाकी काहीही मागवा

बाहेरून बघून काही खास वाटत नाही, थोडीच टेबलं, लॅमिनेट केलेलं मेन्यूकार्ड, एसी पण यथातथाच. पण टेबलावर तो चार बरण्यांचा सेट होता, सुक्या मिरचीची भरड, साखर, मिरच्या घातलेलं व्हिनेगर आणि मिरच्या घातलेला फिश सॉस. तो दिसला की मला जरा भरवसा वाटतो, कारण नूडल्स आल्यावर थाय लोक आपली चव आपणच जुळवून घेतात, त्याची सोय इथे ठेवलीये म्हणजे कुणालातरी कळतंय.

सोम टाम म्हणजे कच्च्या पपईचं सॅलड मागवलं आणि आतून ठकठक आवाज सुरू झाला, म्हणजे ऑर्डर आल्यावरच खलात कुटतात, फ्रीजमधलं काढून देत नाहीत!! लिंबू, पाम शुगर, फिश सॉस, मिरची, सगळं एकाच वेळी जिभेवर येतं. तिखट विचारून करतात, पण "मीडियम" सांगितलं तरी नाकातून पाणी येतंच.

सगळ्यात भारी पॅड क्रपाव. चिकन खिमा, लसूण, मिरची आणि वर कडा कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. बऱ्याच ठिकाणी यात गोडसर वासाचं थाय बेसिल ढकलतात, इथे खरी तुळस होती, तो लवंगेसारखा झणका लगेच कळतो. अंडं फोडून भातात कालवायचं, बास.

ग्रीन करीवर तेलाचा तवंग बघून शेजारच्या टेबलावर कुरकुर चालली होती, अहो पण नारळाचं घट्ट दूध तेल सुटेपर्यंत करी पेस्टबरोबर परतलं की तवंग येणारच, उलट एकसारखी क्रीमी करी आली असती तर मला शंका आली असती. भाज्या मात्र जरा जास्त शिजलेल्या.

आता पॅड थाय, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्स. गोडमिट्ट, चिंचेचा पत्ता नाही, नूडल्सचा गोळा. सगळे तेच मागवतात म्हणून घाईत उरकतात की काय कोण जाणे.

व्हेज खाणाऱ्यांनी नीट विचारून घ्या, करी पेस्टमध्ये सहसा कोळंबीची पेस्ट असते आणि फिश सॉस तर जवळपास सगळ्यात, नुसतं चिकनऐवजी टोफू घातलं म्हणून डिश व्हेज होत नाही. आम्ही विचारलं तर मुलगी आत जाऊन विचारून आली आणि सरळ म्हणाली की पेस्ट तयार असते, करी नका घेऊ, परतलेल्या भाज्या सोया सॉसमध्ये करून देते. दिल्या पण, चांगल्या होत्या.