नव्या क्वार्टरबॅकला जोखायचं कशावर: पासर रेटिंग, क्यूबीआर की निव्वळ यार्ड?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये ८ सप्टेंबर २०२४ रोजी शिकागो बेअर्सनी टेनेसी टायटन्सना २४-१७ असं हरवलं आणि ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) पहिल्या क्रमांकावर उचललेल्या क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) केलेब विल्यम्सचं पदार्पण विजयी ठरलं. त्याचे स्वतःचे आकडे मात्र असे: २९ पैकी १४ पास पूर्ण, ९३ यार्ड, ना टचडाऊन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं), ना इंटरसेप्शन (विरोधकानं पळवलेला पास). बेअर्सच्या आक्रमक फळीनं त्या दिवशी एकही टचडाऊन केलं नाही. एक आलं अडवलेल्या पंटवरून (चेंडू विरोधकाला सोपवताना मारलेली लांब किक), दुसरं टायरीक स्टीव्हनसननं पळवलेल्या पासवरून. म्हणजे निकालावरून पोराला जोखायची सोय नाही. मग आकडा बघायचा, तर कुठला?

पासर रेटिंग सगळ्यांच्या तोंडी असतं, कारण सामना चालू असतानाच ते पडद्यावर झळकतं. एनएफएल ते १९७३ पासून वापरते. पूर्ण पासांचं प्रमाण, दर पासमागे यार्ड, टचडाऊनचं प्रमाण आणि इंटरसेप्शनचं प्रमाण असे चार घटक. प्रत्येकाला शून्य ते २.३७५ गुण, बेरजेला सहानं भागून शंभरनं गुणायचं, म्हणून कमाल मर्यादा ती विचित्र १५८.३. त्या काळच्या सरासरी खेळाडूला प्रत्येक घटकात १ गुण पडावा अशी मांडणी होती, म्हणजे सरासरी ६६.७. आज सरासरी नव्वदीच्या आसपास आहे आणि ६६ वाल्याला बाकावर बसवतात. तरी या आकड्याचा एक फायदा नाकारता येत नाही: गेल्या पन्नास वर्षांतल्या खेळाडूंशी तुलना एका ओळीत होते.

उत्तम दिवशी तो चुकतही नाही. ५ नोव्हेंबर २०२३ ला ह्यूस्टनच्या नवख्या सी. जे. स्ट्राउडनं टॅम्पा बेविरुद्ध ४७० यार्ड आणि ५ टचडाऊन फेकले, रेटिंग १४७.८. २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या नवख्या जेडन डॅनियल्सनं सिनसिनाटीत २३ पैकी २१ पास पूर्ण केले, रेटिंग १४१.७. असल्या दिवशी कुठलीही फूटपट्टी चालते. प्रश्न येतो तो मधल्या, धड ना चांगल्या धड ना वाईट सामन्यांत, आणि नव्या पोराचे बहुतेक सामने तसलेच असतात.

माझं मन या आकड्यावरून उडालं ते एकाच कारणानं: यात सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) धरतच नाहीत. नुसते धरत नाहीत एवढंच नव्हे, सॅक खाल्ला तर बक्षीस मिळतं. समजा, तिसरा डाऊन (दहा यार्ड जायच्या चार संधींतली तिसरी), अजून आठ यार्ड गाठायचे, चेंडू स्वतःच्या ३५ यार्डांच्या रेषेवर. स्नॅप झाला (चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती आला), उजवा टॅकल (त्याला वाचवणारा रक्षक) मागे रेटला गेला. शहाणा क्वार्टरबॅक पॉकेटच्या (रक्षकांच्या घेऱ्याच्या) बाहेर सटकतो आणि चेंडू स्क्रिमेज रेषेच्या (जिथून खेळ सुरू झाला तिच्या) पलीकडे, सीमेबाहेर भिरकावतो. ३५ वरून पंट. कच्चा पोरगा चेंडू कवटाळून गोल फिरतो आणि २६ वर आडवा होतो. पंट नऊ यार्ड मागून. रेटिंगच्या लेखी पहिल्याचा एक पास वाया गेला, दुसऱ्याच्या बाबतीत काही घडलंच नाही! क्रिकेटमध्ये नाबाद राहून सरासरी फुगते, त्यातलाच प्रकार. फक्त इथे फलंदाज बाद झालेला असूनही नाबाद धरायचा.

विल्यम्सचं पदार्पणच घ्या. रेटिंग ५५.७. त्याच्या १५ अपूर्ण पासांपैकी दोन त्यानं फेकलेच नसते आणि त्याऐवजी सॅक खाल्ले असते, तर २७ पैकी १४ धरून रेटिंग ५९.६ झालं असतं. खेळ वाईट, आकडा चांगला.

म्हणून माझा कल निव्वळ यार्डांकडे. पूर्ण नाव अ‍ॅडजस्टेड नेट यार्ड्स पर अटेम्प्ट, पण रोजच्या बोलण्यात एवढं कोण म्हणणार. कृती सोपी आहे: पासचे यार्ड घ्या, दर टचडाऊनला २० मिळवा, दर इंटरसेप्शनला ४५ वजा करा, सॅकमध्ये गेलेले यार्डही वजा करा. आलेल्या संख्येला पास अधिक सॅक यांच्या बेरजेनं भागा. झालं. लीगची सरासरी अलीकडे सहाच्या आसपास असते. पदार्पणात विल्यम्सला दोन सॅकमध्ये २९ यार्ड गमवावे लागले, म्हणजे ९३ वजा २९, भागिले ३१: जेमतेम २.१. वरची दोन जादा सॅकची कल्पना इथे लावली, प्रत्येकी आठ यार्ड गेले असं धरलं, तर आकडा १.५ वर घसरतो. दिशा तरी बरोबर.

फरक मोसमभर साठत जातो. २०२४ मध्ये विल्यम्सचं रेटिंग ८७.८ होतं, वाचणाऱ्याला वाटेल, पहिल्या वर्षी ठीक आहे की. पण तो ६८ वेळा सॅक झाला आणि त्यात ४६६ यार्ड गेले. निव्वळ यार्ड ५.१ निघतात, सरासरीच्या जवळजवळ एक यार्ड खाली, आणि दर पासमागे एक यार्ड म्हणजे पुष्कळ झालं. त्या मोसमात बेअर्सची आक्रमक फळी सारखी अडखळताना दिसायची, ते ८७.८ मध्ये मला कधी दिसलं नाही, ५.१ मध्ये लगेच दिसतं.

यालाही खोडी आहेत, लपवत नाही. गोलरेषेपासून एक यार्डावरून प्रशिक्षकानं धावेऐवजी पास पुकारला की क्वार्टरबॅकला २० यार्डांची फुकट खिरापत. रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्या खेळाडूच्या) हातून उडालेला चेंडू विरोधकानं झेलला तरी ४५ वजा; तीस पासांच्या सामन्यात तेवढ्यानं दीड यार्ड जातो. घड्याळ थांबवायला मारलेला स्पाइकसुद्धा (मुद्दाम जमिनीवर आपटलेला चेंडू) अपूर्ण पास म्हणून मोजला जातो (रेटिंगमध्येही). आणि नशिबाचे फटके. २७ ऑक्टोबर २०२४ ला शेवटच्या क्षणी डॅनियल्सचा ५२ यार्डांचा पास गर्दीत हाताला लागून उडाला आणि नोआ ब्राउनच्या पदरात पडला. वॉशिंग्टननं बेअर्सना १८-१५ असं हरवलं. डॅनियल्सचं त्या दिवसाचं रेटिंग ९२.७, तो एक पास काढला तर ७८.०. असा पास आला की मी आकडा दोनदा काढतो, त्याच्यासकट आणि त्याच्याविना.

क्यूबीआर (टोटल क्वार्टरबॅक रेटिंग) या सगळ्याच्या वरचढ असायला हवा. ईएसपीएन या क्रीडावाहिनीनं २०११ मध्ये आणला, शून्य ते शंभर, ५० म्हणजे सरासरी. सॅक, फंबल (हातून सुटलेला चेंडू), धावा (चेंडू घेऊन पळणं), सामन्याची स्थिती, प्रतिस्पर्ध्याची ताकद, सगळं धरतो. डॅनियल्ससारख्या धावणाऱ्या खेळाडूला तर बाकीचे दोन्ही आकडे अन्यायच करतात. पदार्पणात त्यानं २४ पैकी १७ पासांवर १८४ यार्ड काढले, रेटिंग ९३.१, पण १६ धावांत ८८ यार्ड आणि दोन टचडाऊन केले ते कुठे गेले? त्या मोसमात तो ८९१ यार्ड धावला. तुमचा नवा क्वार्टरबॅक सामन्याला आठ-दहा वेळा चेंडू घेऊन पळत असेल तर क्यूबीआर बघा, माझी हरकत नाही. माझी अडचण एवढीच की सूत्र बाहेर मिळत नाही. दुकानदारानं पावती न देता नुसती एकूण रक्कम सांगावी, तसं. आकडा विचित्र आला तर कुठल्या प्लेमुळे आला हे घरी बसून शोधता येत नाही, आणि वाद तर नेमका तिथेच असतो.

निव्वळ यार्ड काढताना एक चूक हमखास होते. सामन्याच्या तक्त्यात क्वार्टरबॅकच्या नावापुढे असतात ते ढोबळ यार्ड. संघाच्या बेरजेत ‘नेट पासिंग’ असतं, त्यातून सॅक आधीच वजा झालेले असतात. संघाचा आकडा उचलून पुन्हा सॅक वजा केले की पोरगा विनाकारण झोपतो. विल्यम्सच्या पदार्पणात शिकागोची संघाची बेरीज ६४ होती, त्याची वैयक्तिक ९३. आणि कॉलेजचे आकडे शेजारी ठेवू नका: तिथलं रेटिंगचं सूत्रच वेगळं (डॅनियल्सचं २०२३ चं २०८ त्यातलं), शिवाय तिथे सॅकचे यार्ड पासमधून नव्हे, धावांतून कापतात.

सॅक कोणाच्या चुकीनं झाला, हे मात्र यातला कुठलाच आकडा सांगत नाही. त्यासाठी रेकॉर्डिंग लावून मोबाइलचं स्टॉपवॉच धरावं, स्नॅपला सुरू, खेळाडू पकडला गेला की बंद. अडीच सेकंदांच्या आत पडला तर बहुधा लाइनची (पुढच्या रक्षकांच्या फळीची) चूक. ईएसपीएन ब्लॉकरना मोजतं तेही अडीच सेकंदांवरच. तीनच्या पुढे गेला तर त्याच्या वाट्याला धरायला हरकत नसावी. मधल्या अर्ध्या सेकंदातले सॅक सोडून द्यावेत किंवा ऑल-२२ चं (सगळे २२ खेळाडू दिसतात ते) चित्रण मिळालं तर कोणी मोकळा होता का ते बघावं. टीव्हीच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात मागचे रिसीव्हर चौकटीबाहेरच असतात.