धावपट्टीलगतचे स्कायडायव्हिंग केंद्र: सेवा चांगली, जागा चुकीची
विमानतळाला लागून असलेल्या या केंद्रात माझे लक्ष थरारापेक्षा सुरक्षेकडे अधिक होते, कारण सुमारे 13,000 फुटांवरून ताशी 200 किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येणारा माणूस इतर वैमानिकांना वेळेत दिसणे जवळजवळ अशक्य असते. उडीसाठी विमानाचे दार उघडण्यापूर्वी वैमानिकाने हवाई वाहतूक नियंत्रणाशी रेडिओवर संपर्क साधला. खाली ढग दाटताच, उडी घेणाऱ्यांची नाराजी पत्करून, एक फेरी रद्दही केली, आणि हेच मला सर्वांत आवडले. राखीव हवाई छत्री (पॅराशूट) आपोआप उघडणारे उपकरणही होते. उणीव मात्र गंभीर आहे: उतरण्याची जागा धावपट्टीच्या इतकी जवळ आहे की वारा फिरल्यास छत्री कमी उंचीवरून धावपट्टी ओलांडू शकते, आणि तसे झाल्यास काय करायचे, हे कोणी सांगितलेच नाही. ती जागा हलवेपर्यंत नवशिक्यांना मी या केंद्राची शिफारस करणार नाही.