बुकोविनाची रंगवलेली चर्चेस: व्होरोनेत्सला वेळ द्या, प्लीज

रोमेनिया म्हटलं की सगळे ट्रान्सिल्व्हेनियाला पळतात, आम्ही मुद्दाम वर उत्तरेला बुकोविनाला गेलो, आई आणि मी. सुच्यावा शहरातून एका दिवसाची गाडी ठरवली होती, ही रंगवलेली चर्चेस असलेले चार मठ एका दिवसात, आणि तिथेच चुकलं. ड्रायव्हरने व्होरोनेत्सच्या मठाला फक्त पंचवीस मिनिटं दिली आणि फाटकाबाहेर हॉर्न वाजवत बसला. आई एवढी हिरमुसली की दुसऱ्या दिवशी आम्ही गुरा हुमोरुलुई या गावीच मुक्काम टाकला आणि परत गेलो. तिथून व्होरोनेत्स जेमतेम चार-पाच किलोमीटर.

आणि काय सांगू, तो दुसरा दिवस म्हणजे अख्ख्या ट्रिपचं सार्थक! हे चर्च श्तेफान चेल मारे या राजाने 1488 मध्ये चार महिन्यांच्या आत बांधून घेतलं, बाहेरच्या भिंती मात्र 1547 मध्ये रंगवल्या. पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत एकच चित्र, शेवटच्या निवाड्याचं, म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा न्याय करतो त्याचं. सगळ्यात वर देवदूत आकाशाची गुंडाळी करतायत आणि त्या गुंडाळीवर बारा राशी आहेत, उजवीकडे लाल आगीची नदी वाहतेय, आणि तिच्या बाजूला रानटी जनावरं, त्यांनी खाल्लेल्या माणसांचे हात-पाय तोंडात धरून परत आणून देतायत कारण आता सगळे मेलेले उठणार! हे आईला दिसलं, मी आदल्या दिवशी त्याच्यासमोर उभा राहूनही बघितलं नव्हतं. मागे तो प्रसिद्ध निळा रंग, फोटोत येत नाही तसा. उत्तरेची भिंत मात्र वारा-पावसाने बरीच पुसली गेलीय, जीव तुटतो बघून. आम्ही निघायच्या वेळी मठातली एक नन खांद्यावर लांब लाकडी फळी घेऊन त्यावर हातोडीने ठोके देत चर्चभोवती फिरली, प्रार्थनेची वेळ झाली की घंटेआधी असं करतात, तो टकटक टकटक आवाज अजून कानात आहे.

मोल्दोवित्साच्या मठात कॉन्स्टँटिनोपलच्या (आजचं इस्तंबूल) वेढ्याचं चित्र बघा, वेढा सातव्या शतकातला पण चित्रात हल्ला करणारे तुर्क आहेत, कारण 1537 मध्ये रंगवताना भीती तुर्कांचीच होती. तिथून सुचेवित्साच्या मठाला जाताना 1109 मीटरवर चुमर्ना घाट लागतो, दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडांचं दाट जंगल, गाडी थांबवाच. सुचेवित्साच्या चित्रांत हिरवा रंग जास्त आहे आणि भोवती किल्ल्यासारखा तट. पुढे मार्जिन्या गावात काळी मातीची भांडी करतात, भट्टीची तोंडं बंद करून धूर आतच कोंडतात म्हणून माती काळी होते, रंग वगैरे काही लावत नाहीत. मी एक छोटा तांब्यासारखा घेतला.

खाण्याचं शाकाहारी लोकांनी टेन्शन घेऊ नका. हॉटेलात 'दे पोस्त' एवढंच म्हणा, म्हणजे त्यांचं उपासाचं, मांस दूध अंडं काही नसतं. दूध चालत असेल तर ममालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वर खारट चीज आणि आंबट साय. आईने दोनदा मागून घेतली.

मठात खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला. आणि दोन मुक्काम कराच, एका दिवसात चार मठ अजिबात नको.