पोनी क्लब, आरडीए की बीएचएस: ब्रिटनमध्ये मुलांना घोडेस्वारी शिकवायची तर कोणता रस्ता धरावा?

ब्रिटनमध्ये राहून मुलांना घोडेस्वारी शिकवायला आपला वेळ द्यायचा असेल, तर पुढे तीन रस्ते आहेत. द पोनी क्लब (पोनी म्हणजे लहान चणीचा घोडा) १९२९ पासून आहे. अपंगांना घोडेस्वारी शिकवणारी रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन, म्हणजे आरडीए, १९६९ ची. ब्रिटिश हॉर्स सोसायटी, म्हणजे बीएचएस, १९४७ ची. पहिल्या दोन संस्थांचा गाडा स्वयंसेवक ओढतात. बीएचएसच्या परीक्षा पायरीपायरीने द्याव्या लागतात, आणि तिथलं प्रमाणपत्र पोनी क्लबात वापरता येतं किंवा त्यावर कमाईही करता येते.

कुठलं प्रमाणपत्र मोठं, हे बहुतेक जण सगळ्यात आधी विचारतात. आमच्या मते ते सगळ्यात शेवटी विचारावं. आधी पाहायचं ते हे: समोर कोणती मुलं असतील, घोडे कोणाचे असतील आणि आठवड्यातला कोणता वेळ तुमच्याकडे खरोखर मोकळा आहे.

पोनी क्लब: मूल आणि त्याची पोनी, दोन्ही शिकवायची

क्लबात दोन प्रकार आहेत. शाखेत मूल स्वतःची पोनी घेऊन येतं. सेंटर रायडिंग स्कूलला जोडलेलं असतं आणि तिथल्या पोनी वापरल्या जातात. स्वतःचा घोडा नसलेली शहरातली कुटुंबं साहजिकच सेंटरला जातात. पण तिथे शिकवणारे बरेचदा स्कूलचेच लोक असतात, त्यामुळे स्वयंसेवी कोचला वाव कमी मिळतो. शाखेत माणसांची गरज जास्त असते आणि काम शनिवार-रविवारी, शाळेच्या सुट्ट्यांत आणि उन्हाळी शिबिरात येतं. सोमवार ते शुक्रवार नोकरी करणाऱ्याला हे जमतं. काही शाखा मानधन देऊन बाहेरचे कोचही बोलावतात, तेव्हा आपली जागा कुठली ते डिस्ट्रिक्ट कमिशनरना, म्हणजे शाखेच्या प्रमुखांना, सुरुवातीलाच विचारून घ्यावं.

शाखेतली खरी अडचण अशी की समोरची प्रत्येक पोनी अनोळखी असते. एक आठवडाभर तबेल्यात उभी राहून आलेली, दुसरी कालच स्पर्धा करून थकलेली. म्हणून पहिली दहा मिनिटं सामान तपासण्यात घालवावी लागतात, आणि ती वाचवायचा मोह टाळावाच. खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या तंगाच्या पट्ट्यांची आणि पाय ठेवायच्या रिकिबीच्या चामडी पट्ट्यांची शिवण पाहायची. रिकिबीत बुटाच्या दोन्ही बाजूंना साधारण एकेक सेंटिमीटर जागा हवी: कमी असेल तर पाऊल अडकतं, फार जास्त असेल तर अख्खा पाय आरपार जातो. हेल्मेटवर पीएएस ०१५, व्हीजी१, स्नेल ई२०१६ यांसारख्या मान्य मानकाची खूण शोधायची आणि ते जोरात आपटलेलं नाही ना हे विचारायचं. बॉडी प्रोटेक्टर लागणार असेल तर बीटा २०१८ लेव्हल ३ चं निळं-काळं लेबल पाहायचं. मूल वर बसल्यावर तंग पुन्हा आवळायचा, कारण खोगीर चढवताना पुष्कळ पोनी पोट फुगवून धरतात.

नवा कोच सर्वात जास्त चुकतो तो गट पाडताना. वयावरून गट पाडला की १२ हँडची, म्हणजे खांद्याशी साधारण १२२ सेंटिमीटरची पोनी आणि १५ हँडचा घोडा एकाच रांगेत येतात. जमिनीवरच्या ट्रॉटच्या, म्हणजे दुडक्या चालीच्या, बल्ल्या लहान पोनीला साधारण १ ते १.१ मीटरवर लागतात, मोठ्या घोड्याला १.३ ते १.४ मीटरवर. अंतर मोठ्याच्या हिशोबाने ठेवलं, तर लहान पोनी मध्येच एक जादा पाऊल टाकते, बल्लीवर पाय देते, बल्ली फिरते आणि मूल मानेवर येतं. बल्ली एक तरी ठेवा किंवा तीन-चार ठेवा. दोनच दिसल्या की पुष्कळ घोडे त्या मिळून एक अडथळा समजतात आणि उडी मारतात. पुढच्या घोड्यापासून एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर राखणं हे मुलांना ट्रॉटच्याही आधी शिकवायचं असतं.

मुलांच्या चाचण्या ई, डी, डी प्लस अशा चढत ए पर्यंत जातात आणि त्यात पोनीची निगाही येते. खूर कसा उचलायचा, चारा-पाणी कसं द्यायचं, हे पावसाळी दिवशी तबेल्यात उभं राहून शिकवायची तयारी नसेल, तर फक्त चांगला स्वार असून इथे भागत नाही.

आरडीए: इथे माणसं सांभाळायची

आरडीएची सत्रं पुष्कळ ठिकाणी आठवड्याच्या मधल्या दिवशी, शाळेच्या वेळात भरतात, कारण विशेष शाळा मुलांना घेऊन येतात. नऊ ते पाच नोकरी असेल तर गाडी बरेचदा इथेच अडते. निवृत्त, अर्धवेळ काम करणाऱ्या किंवा शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना मात्र हाच रस्ता सोयीचा.

घोडे गटाचे, ओळखीचे आणि शांत असतात. कौशल्य वेगळीकडे लागतं. एका मुलामागे पोनी धरणारा एक आणि गरजेप्रमाणे बाजूने चालणारे एक किंवा दोन. चार मुलांच्या सत्रात अशी बारापर्यंत माणसं तुमच्या शब्दावर चालतात आणि तुमची नजर एकाच वेळी सगळ्यांवर हवी. बाजूचा माणूस दमला आणि मध्येच हात सोडून गेला, तर मूल दुसऱ्या बाजूला ओढलं जातं. म्हणून माणूस बदलायचा तर आधी पोनी थांबवायची, मग एकेक बाजू बदलायची. अचानक उतरवण्याची वेळ आली तर एकाने मूल घ्यायचं, दुसऱ्याने पाय रिकिबीतून सोडवायचा आणि पोनी धरणाऱ्याने पोनीचं डोकं सोडायचं नाही. हे मुलांविना, रिकाम्या खोगिरावर पुन्हा पुन्हा घोटून घ्यावं लागतं.

सर्वात जोखमीचा क्षण चढण्याचा असतो. चाकाच्या खुर्चीतून रॅम्पवर आणि तिथून खोगिरावर येताना पोनी अर्धं पाऊल जरी सरकली, तरी मूल मध्येच लटकतं. वैद्यकीय माहिती वाचल्याशिवाय कोणालाही वर बसवायचं नसतं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांमध्ये अस्थिरता असू शकते, त्यामुळे त्यांची तपासणी आधी लागते. प्रत्येक पोनीची वजनमर्यादा ठरलेली असते. मूल वाढतं तसं ती पुन्हा ताडून पाहावी लागते, आणि आवडत्या पोनीवर आता बसता येणार नाही हे मुलाला नीट सांगावं लागतं.

इथे आधी मदतनीस म्हणून राबायचं आणि मग ग्रुप कोचकडे वळायचं. वर काउंटी कोच आणि रीजनल कोच असतात. उंच उड्या मारता येणं इथे गरजेचं नाही. फिजिओथेरपी, विशेष शिक्षण किंवा नर्सिंगमधून आलेल्यांना इथे त्यांच्या मूळ शिक्षणाचा उपयोग होतो, आणि अशा मराठी मंडळींनी हा रस्ता जरूर पाहावा.

बीएचएस: वेळ आणि पैसा, दोन्ही जास्त

टप्पा १ पासून घोड्याची निगा आणि स्वारी तपासली जाते. टप्पा ३ ला कोचची पातळी येते. परीक्षेचं शुल्क, सरावाची स्वारी, प्रवास हे सगळं साधारणपणे स्वतःच्या खिशातून. आठवड्यातून एकदा बसणाऱ्याला टप्पा ३ पर्यंत पोचायला काही वर्षं लागू शकतात. मोबदल्यात मिळणारी पात्रता एका क्लबापुरती नसते. भारतात परतून शिकवायचा विचार असेल, तर क्लबाच्या अंतर्गत मान्यतेपेक्षा हे कागद समजावून सांगायला सोपे.

व्हिसावर असलेल्यांनी मात्र फी भरण्याआधी अटी वाचाव्यात. स्टुडंट, ग्रॅज्युएट आणि स्किल्ड वर्करच्या डिपेन्डंट व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करण्याची मनाई असते, त्यात क्रीडा कोचही येतो, आणि मोबदला घेतला नाही म्हणून ती मनाई आपोआप टळत नाही. हौशी पातळीवर, स्वतःच्या आवडीसाठी शिकवणं वेगळं. आपलं काम कुठल्या बाजूला मोडतं याची शंका असेल तर इमिग्रेशन सल्लागाराला विचारून घ्यावं.

कागद तिन्हीकडे लागतात

इंग्लंड आणि वेल्समध्ये एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्हे-नोंदींची सखोल तपासणी लागते. स्वयंसेवकाला डीबीएसचं शुल्क नाही. गेल्या पाच वर्षांचे सगळे पत्ते द्यावे लागतात, आणि इथेच आपल्या लोकांचे अर्ज रखडतात: पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून असतं, लायसन्सवर नसतं, बँकेच्या पत्रावर नुसतं आद्याक्षर. सगळीकडे एकच नाव आधी करून घ्या. या तपासणीत भारतातली नोंद दिसत नाही, म्हणून संस्था भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागू शकते. त्याला वेळ लागतो, तेव्हा त्याचा अर्ज आधी करावा. डीबीएसचं प्रमाणपत्र निघाल्यापासून ३० दिवसांत त्यांच्या अपडेट सर्व्हिसमध्ये नाव नोंदवलं, तर पुढची तपासणी सोपी होते आणि स्वयंसेवकाला तेही मोफत. मात्र या स्वयंसेवी तपासणीवर पैसे घेऊन शिकवण्या घेता येत नाहीत. स्कॉटलंडमध्ये याऐवजी पीव्हीजी योजना आहे, उत्तर आयर्लंडमध्ये ॲक्सेसएनआय.

शिवाय प्रथमोपचार, बालसुरक्षेचं प्रशिक्षण आणि दरवर्षीचं उजळणीचं काम. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र साधारण तीन वर्षं चालतं; शिबिराच्या आदल्या आठवड्यात ते संपल्याचं लक्षात आलं, तर शिबिर हातचं जातं. क्लबाचा विमा क्लबाच्या कामापुरता असतो. त्याच मुलाला त्याच्या घरच्या कुरणात रविवारी तासभर शिकवलं, तर तो विमा लागू होईलच असं धरू नका.

आमचं मत

स्वतःचं मूल शाखेत जात असेल आणि शनिवार-रविवार मोकळे असतील, तर पोनी क्लब. एकच सूचना: शक्यतो आपल्या मुलाचा गट दुसऱ्याकडे द्यावा. आठवड्यातली एक सकाळ मोकळी असेल आणि घोड्यांचा अनुभव कमी असेल, तर आरडीए. पुढे यावर पोट चालवायचं असेल तरच बीएचएसची पूर्ण वाट धरावी. फक्त शाखेत शिकवण्यासाठी टप्पा ३ च्या मागे लागण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. तिन्हींपैकी काहीही निवडलं तरी अर्ज भरण्याआधी त्या गटात निदान एक हंगाम मदतनीस म्हणून काढा, आणि त्यातले काही दिवस नोव्हेंबरच्या चिखलातले असू द्या.