सिकलसेलच्या क्रायसिससाठी डॉक्टरांचं एक पानी पत्र : सात-आठ महिने वापरल्यावर

मिस्टरांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न (म्हणजे दोष आई-वडील दोघांकडून आलेला). यात मधूनमधून अंगात असह्य कळा येतात, त्यालाच क्रायसिस म्हणतात. मूळचे चंद्रपूरचे, नोकरी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत. चंद्रपूरकडे सिकलसेल रुग्णाचं लाल कार्ड दाखवलं की नर्सताईंनाही पुढचं कळतं. सांगलीकडे हा आजार फारसा दिसत नाही. त्यामुळे ते बाकड्यावर तळमळत असताना मी कॅज्युअल्टीत पहिल्यापासून सगळं सांगत बसायचे.

म्हणून रक्तविकारतज्ज्ञांकडून लेटरहेडवर पत्र घेतलं. निदान, रक्तगट, हायड्रॉक्सीयुरियाचा (कळा कमी याव्यात म्हणून रोज घ्यायचं औषध) डोस, कोणतं पेनकिलर किती लागू पडतं, अ‍ॅलर्जी, शेवटी डॉक्टरांचा मोबाइल नंबर.

सगळ्यात कामाला आली ती ओळ म्हणजे ‘नेहमीचं हिमोग्लोबिन ८ च्या आसपास’. पूर्वी रिपोर्टमध्ये ८ दिसलं की रक्ताच्या पिशवीसाठी धावपळ सुरू व्हायची आणि कळा तशाच राहायच्या. नुसत्या कळांसाठी रक्त चढवायची सहसा गरज नसते.

दुसरं, नाडी-बीपी ठीक असलं तरी क्रायसिस असू शकतो. तो नक्की सांगणारी एकही रक्ततपासणी नाही. एका दवाखान्यात ‘इंजेक्शनची सवय लागलीय का?’ असं तोंडावर विचारलं होतं. ते त्यांना फार लागलं. अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या सूचनांत दवाखान्यात आल्यापासून तासाभरात पेनकिलरचा पहिला डोस द्यावा असं आहे. तेही पत्रात घालून घेतलं.

जानेवारीच्या थंडीत रात्री मांड्या-कंबर धरली. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी पत्र उभ्याउभ्याच वाचलं, डोसच्या ओळीवर बोट ठेवून आमच्या सरांना, म्हणजे पत्र देणाऱ्या रक्तविकारतज्ज्ञांना, फोन लावला. मी केसपेपर काढून येईपर्यंत सिस्टरनी इंजेक्शन दिलेलं होतं. असं आमच्या बाबतीत आधी कधी झालं नव्हतं.

पण सगळीकडे असं होत नाही. एका ठिकाणी मोठ्या डॉक्टरांनी ‘आम्हाला शिकवू नका’ म्हणून फाइल मिटली. तेव्हापासून मी ‘हे वाचा’ म्हणत नाही. ‘डॉक्टर, यावर आमच्या सरांचा नंबर आहे, एकदा बोलता का?’ म्हणते. त्याचा जास्त उपयोग होतो.

पत्र हातात आहे म्हणून घरी थांबायचं मात्र नाही. १०१ ताप, छातीत दुखणं, धाप, एका बाजूची शक्ती जाणं, यातलं काहीही झालं तर सरळ १०८.

लॅमिनेशन करू नका, तारीख जुनी झाली की डॉक्टरांचा विश्वास बसत नाही. या महिन्यात हायड्रॉक्सीयुरिया वाढवलं, तेव्हा लगेच नवीन पत्र घेतलं आणि जुनं फाडून टाकलं. फाइलीत दोन राहिली तर घाईत नेमकं जुनंच हाताला लागतं.