सोलर आणि गोबरगॅस: आमच्या मातीच्या घरातली तीन वर्षं

अक्कलकोट रस्त्याला, रानात, आम्ही स्वतः उभं राहून घर बांधलं. जोत्याला दगड, वर मातीच्या विटा, चुन्याचा गिलावा. सोलापुरात खोल्या ऊबदार ठेवायची चिंता नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, त्याला जाड भिंती आणि गच्चीवरचा पांढरा चुना पुरतो. जाळ लागतो तो दोन कामांना. सहा माणसांच्या अंघोळीला आणि सासूबाईंच्या भाकरीला.

आमचा पहिला सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवायचा हीटर, फसला. फ्लॅट प्लेटचा होता, म्हणजे सपाट पेटी आणि आत तांब्याच्या बारीक नळ्या. पाणी कसलं आहे हे विकणाऱ्यानं विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही. आमचं बोअरचं पाणी जड आहे, स्टीलच्या पातेल्यात दोनदा उकळलं की पांढरा थर धरतो. दीड वर्षात त्या नळ्या क्षारानं बुजल्या आणि भर उन्हात पाणी कोमट यायला लागलं. एक नळी कापून पाहिली, तर आत उदबत्तीची काडी शिरेना. आत हीट एक्स्चेंजर (दोन पाणी वेगळी ठेवून एकाची ऊब दुसऱ्याला देणारी सोय) असलेला फ्लॅट प्लेट घेतला असता तर हे टळलं असतं, कारण त्यात बोअरचं पाणी त्या बारीक नळ्यांत फिरतच नाही. पण तो महाग पडतो.

मग काचेच्या नळ्यांचा, २०० लिटरचा घेतला. क्षार यातही साचतो, पण नळी रुंद असल्यानं तो तळाशी बसतो आणि वर्षातून एकदा काढून धुता येतो. धुवायचं ते पहाटे, ऊन चढायच्या आत. गेल्या उन्हाळ्यात वरची टाकी रिकामी झाली, नळ्या कोरड्या तापल्या आणि दुपारी एकला कुणीतरी मोटर चालू केली. गार पाणी आत गेलं आणि दोन नळ्या तडकल्या. टाकीतली विजेची कॉइल मी काढूनच टाकली, तिच्यावरही क्षाराची पुटं चढत होती. श्रावणात चार-चार दिवस आभाळ असलं की माहेरचा तांब्याचा बंब पेटवते. तुराट्या घरच्याच आहेत.

आता गोबरगॅस, ज्याच्यावर माझा खरा जीव आहे. आम्ही दीनबंधू पद्धतीचा, २ घनमीटरचा बांधला. हा नमुना १९८४ साली ॲफप्रो या संस्थेनं पुढे आणला. विटांचा घुमट जमिनीखाली असतो, त्यामुळे जुन्या तरंगत्या टोपीच्या प्लँटसारखं लोखंड गंजायची आणि रंगवायची भानगड नाही. त्याला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. आमच्या दोन म्हशी आणि दोन गाई मिळून तेवढं होतं. गोठ्यात दोनच जनावरं असतील तर हा घेऊ नका, छोटा बांधा. पहिल्यांदा भरायला ट्रॉलीभर शेण शेजाऱ्यांकडून गोळा केलं. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो सोडून द्यावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात निळा जाळ आला तेव्हा सासूबाईंनी आधी शेगडीला हळद-कुंकू वाहिलं, मग चहा ठेवला.

शेगडी मात्र गोबरगॅसचीच घ्या. या गॅसला दाब कमी आणि जोरही कमी, म्हणून तिचं छिद्र मोठं असतं. सिलिंडरच्या शेगडीवर जाळ फुरफुरतो आणि विझतो. पाइपात पाणी साचलं तरी जाळ नाचायला लागतो. पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवून घ्या. आमचा गवंडी तो विसरला होता, पुन्हा खणावं लागलं.

भाकरीचं सांगते, कारण बायका मला हेच विचारतात. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून जाळावर धरली की टम्म फुगते. इंडक्शनवर ते होणं नाही, तिथे धरायला जाळच नाही, आणि उन्हाळ्यात वीज गेली की स्वयंपाक अडतो. कडक भाकरी मात्र यावर जमली नाही. तिला तासभर मंद धग लागते, तेवढा गॅस त्यात घालवणं परवडत नाही. ती मागच्या चुलीच्या निखाऱ्यावरच होते.

पूर्वी वर्षाला दहा सिलिंडर लागायचे, आता दोन. डिसेंबरच्या थंडीत गॅस कमी पडतो. तेव्हा मी शेण कालवायला सोलरचं उरलेलं ऊन पाणी घेते, त्यानं फरक पडतो. प्लँटमधून बाहेर येणारी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेला शेणाचा रबडा, ज्वारीला जाते. त्याच ज्वारीच्या हुरड्याला पंधरा-वीस पाहुणे आले की हा गॅस पुरत नाही. त्या दिवशी सासूबाई परसात तीन दगड मांडतात, आणि मी वांग्याचं पातेलं उचलून तिकडे नेते.